ढग तोलायचा तर आधी धडा करा

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला सातपुड्यावर ढग उभे राहायला लागले की रावेर-यावलकडे केळीवाल्यांचं चहावरचं लक्ष उडतं. घड निसवलेली बाग असेल तर विचारूच नका. आमचे आबा अंगणात बाजेवर बसून, कपाळावर हात धरून त्या ढगांकडे बघायचे आणि मला विचारायचे, "ढगमा पानी शे का नई, सांग ना भो." मी हवामान शिकलो, विमानातून आलेल्या मोजणीच्या फायली साफ करण्यात वर्षं घातली, तरी या प्रश्नावर मला दर वेळी उलटं विचारावं लागायचं: आबा, पाणी का बर्फ? आणि किती?

हा लेख जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या त्या पोरापोरींसाठी आहे ज्यांनी भौतिकशास्त्र घेतलंय, थोडंफार पायथन येतं आणि विमानातून केलेल्या मोजणीवरून ढगातलं पाणी आणि बर्फ किती ते काढायच्या कामात पहिल्यांदाच हात घालायचाय. विमानात बसायला मिळेल न मिळेल, त्याची काळजी करू नका. बरंचसं काम जमिनीवर लॅपटॉपसमोर होतं. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ साली कायपीक्स नावाची मोहीम सुरू केली, ढगांत विमानं नेऊन थेंब, धूलिकण आणि बर्फ मोजले. २०१८ आणि २०१९ मध्ये याच मोहिमेतली उड्डाणं सोलापूरकडच्या पर्जन्यछायेत झाली. सरावासाठी मात्र मी अमेरिकेतल्या एनसीएआर या हवामान संशोधन संस्थेच्या फायली सुचवतो. त्यांच्या अनेक मोहिमांच्या उड्डाणांची नोंद कुणालाही उतरवून घेता येते आणि सोबतची माहितीपत्रकं नीट लिहिलेली असतात.

पायरी १: आकडा केवढा असतो ते डोक्यात बसवा

ढगातलं पाणी ग्रॅम प्रति घनमीटर असं मोजतात. पांढऱ्या कापसासारख्या छोट्या ढगात ०.२ ते १ ग्रॅम, गडगडाटी ढगाच्या गाभ्यात ३ ग्रॅम किंवा थोडं जास्त, आणि उंचावरच्या पिसासारख्या ढगात बर्फ असतो तो ०.००१ ते ०.१ ग्रॅमच्या घरात. एक घनमीटर म्हणजे साधारण धान्याची मोठी कोठी. तेवढ्या जागेत अर्धा ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम दहा थेंब.

आता उलट बाजूने बघा. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच ढग घ्या, घनमीटरला अर्धा ग्रॅम धरा. ५०० टन पाणी झालं. दहा हजार लिटरचे ५० टँकर. ऐकायला भारी वाटतं. पण तेवढं सगळं खाली सांडलं तरी त्या एक चौरस किलोमीटरवर पाऊस पडेल अर्धा मिलिमीटर. ढग म्हणजे भरलेला टँकर असं जे गावात बोललं जातं ते इथेच कोसळतं. ढग खालून सतत बाष्प ओढत असतो, म्हणून पाऊस पडतो. आपण मोजतो ते त्या क्षणी त्यात तरंगणारं.

हे आकडे पाठच करा. उद्या तुमच्या आलेखात घनमीटरला १२ ग्रॅम आले तर ढगावर शंका घेण्याआधी स्वतःच्या कोडवर घ्याल.

पायरी २: पाणी कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो

जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक १२५ ने गुणला की ढगाच्या पायाची उंची मीटरमध्ये अंदाजे मिळते. मेमध्ये जळगावला पारा ४३, दवबिंदू १५ असेल तर फरक २८, पाया साडेतीन किलोमीटरवर. जुलैत ३० आणि २४ असेल तर पाया साडेसातशे मीटरवर. शून्य अंशाची पातळी दोन्ही वेळा साधारण पाच किलोमीटरच्या आसपास असते.

म्हणजे मेमधल्या ढगाला पाया ओलांडल्यावर दीड किलोमीटरमध्येच शून्य अंश गाठता येतं, तर जुलैच्या ढगाला चार किलोमीटरहून जास्त कोमट भाग पार करावा लागतो. जुलैत थेंबाला थेंब लागून वाटेतच पाऊस तयार होऊ शकतो. मेमधला ढग पटकन थंड भागात शिरतो, म्हणून गारा. पाया उंच असल्यामुळे खाली पडणारं पाणी वाटेत आटतं, हवा गार होऊन कोसळते आणि केळी आडव्या होतात.

एक गैरसमज इथेच काढून टाका. शून्याच्या खाली गेलं की लगेच बर्फ होतो असं नाही. ढगातले बारीक थेंब उणे १०, उणे २० अंशांतही पाणीच राहू शकतात. गोठायला त्यांना धुळीचा योग्य कण लागतो. उणे ३८ च्या आसपास मात्र कणाशिवायही गोठतात. शून्य ते उणे ३८ या पट्ट्यात पाणी आणि बर्फ शेजारी शेजारी असू शकतात आणि आपली सगळी डोकेदुखी याच पट्ट्यातली आहे.

पायरी ३: तापलेली तार समजून घ्या

भाकरीच्या तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की तवा एकदम गार पडतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तव्यातून जाते. आपल्या घरचा कूलरही त्याच जोरावर चालतो. विमानाच्या पंखाखाली किंवा नाकाजवळ बसवलेली किंग प्रोब हेच करते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत ती १९७० च्या दशकात तयार झाली. बारीक नळीवर गुंडाळलेली तार एका ठरावीक तापमानाला धरून ठेवलेली असते. थेंब आदळले की ती गार व्हायला बघते, इलेक्ट्रॉनिक्स जादा वीज ढकलून तिला पुन्हा जागेवर आणतं. ती जादा वीज मोजली की पाणी कळलं.

हिशेब हाताने एकदा करा, कॅल्क्युलेटर घेऊन. तार २ सेंटिमीटर लांब, १.८ मिलिमीटर जाड, विमानाचा वेग सेकंदाला १०० मीटर. तार दर सेकंदाला ०.००३६ घनमीटर हवा झाडून जाते. ढगात घनमीटरला १ ग्रॅम पाणी असेल तर तारेवर सेकंदाला ०.००३६ ग्रॅम पाणी बसेल. ते तापवून वाफ करायला ग्रॅममागे साधारण २६०० ज्यूल, म्हणजे ९.४ वॅट.

छान. आता दुसरा हिशेब, जो नवखे करत नाहीत. ढगच नाही, कोरडी हवा आहे. तीही तारेला गार करतेच. तार हवेपेक्षा १२० अंश गरम असेल तर या वेगात निव्वळ हवाच दहा-साडेदहा वॅट खाते. म्हणजे भरपूर पाणी असलेल्या ढगातही तुमच्या आकड्यात निम्मा वाटा हवेचा असतो. आणि पाणी थोडं असेल, समजा ०.०२ ग्रॅम, तर पाण्याचे वॅट फक्त ०.१९ आणि हवेचे साडेदहा.

शिवाय हवेचा वाटा स्थिर नसतो. वेग वाढला की तो वाढतो, साधारण वेगाच्या ०.६ घाताने. पायलटने वेग १०० वरून १०३ केला की कोरड्या हवेचे वॅट पावणेदोन टक्क्यांनी वाढतात, म्हणजे ०.१९. कोरड्या निळ्या आकाशात, वेगाच्या एवढ्याशा फरकाने, घनमीटरला ०.०२ ग्रॅम पाणी 'सापडलं'. माझ्या सुरुवातीच्या एका आलेखात असा एक सुंदर, लांबच लांब पातळ ढग होता. विमान तेव्हा उंची सोडत खाली येत होतं, एवढंच.

पायरी ४: धडा करा

तेल-तूप मोजून घेताना जुने दुकानदार रिकामा डबा एका पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात दगड-खडे टाकून काटा मधोमध आणतात. त्याला धडा करणं म्हणतात. धडा न करता तोललं तर डब्याचं वजनही तुपाच्या भावाने जातं. ढगाचंही तेच. कोरडी हवा हा आपला डबा आहे आणि हा डबा दर मिनिटाला वजन बदलतो. या लेखातली एकच पायरी नीट करणार असाल तर ही करा.

फाईल उघडा. एनसीएआरच्या फायलींत किंग प्रोबचे कच्चे वॅट पीएलडब्ल्यूसी या नावाने मिळतात आणि तयार, दुरुस्त केलेलं पाणी पीएलडब्ल्यूसीसी या नावाने. तयार आकडा आत्ता बघू नका. कच्चे वॅट घ्या आणि सोबत वेग, तापमान, दाब.

मग ढगाबाहेरचे तुकडे निवडा. ढगाबाहेर आहोत हे कसं ठरवायचं? तारेलाच विचारलं तर चोरालाच साक्षीला बोलावल्यासारखं होईल. दुसरं यंत्र घ्या, थेंब मोजणारं. त्यात घनसेंटिमीटरला एकही थेंब नाही असे सलग दहा-वीस सेकंदांचे तुकडे निवडा आणि ढगाच्या काठाला लागून असलेले दोन-तीन सेकंद दोन्हीकडून कापून टाका. तिथे तार पुरती कोरडी नसते आणि यंत्रांची घड्याळंही सेकंदभर पुढेमागे असतात. ढगाच्या पायाखालून उडालेले तुकडेही संशयानेच बघा. तिथे बारीक थेंब शून्य असतात, पण वरून झिमझिम पडत असेल तर तार भिजतेच. ते 'कोरडं' धरलंत की धडा जड होतो आणि पुढच्या प्रत्येक ढगातून तेवढं पाणी गायब होतं.

आता कोरडे वॅट आणि वेग-दाब-तापमान यांचं नातं बसवा. साधा मार्ग असा: वॅटला तार आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाने भागा, मग त्याचा लघुगणक हवेची घनता गुणिले वेग याच्या लघुगणकासमोर मांडा. बिंदू बऱ्यापैकी सरळ रेषेत आले पाहिजेत. उतार अर्ध्याच्या थोडा वर आला तर तुम्ही रस्त्यावर आहात. बिंदूंचे दोन वेगळे पुंजके दिसले तर थांबा. बहुतेक वेळा एक चढताना आणि एक उतरताना असतो, किंवा मध्येच तारेवर काहीतरी बसलेलं असतं.

ती रेषा सगळ्या उड्डाणातून वजा करा, उरलेल्या वॅटचं पाणी करा आणि सगळ्यात आधी ढगाबाहेरचाच भाग बघा. तिथे आलेख शून्याभोवती थरथरत असला पाहिजे. ती थरथर ०.०२ ग्रॅमची असेल तर ढगातल्या ०.०१ ला किंमत नाही, मग तो पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या ढगातला का असेना. प्रत्येक उड्डाणाचा धडा वेगळा करायचा. कालचा आज चालत नाही. मोठ्या ढगाच्या आधीचं आणि नंतरचं शून्य जुळतंय का तेही बघायचं. जुळत नसेल तर मधल्या आकड्यावर तेवढा डाग आहे असं वहीत लिहायचं. लोक हे लिहीत नाहीत. निबंध छापून येतात, पण दोन वर्षांनी तीच फाईल दुसऱ्याच्या हातात पडते आणि तो बिचारा डोकं धरून बसतो.

पायरी ५: थेंब मोजून ताळा घ्या

तारेने तोललं, आता मोजून बघू. सीडीपी हे यंत्र लेझरच्या किरणातून जाणाऱ्या एकेका थेंबाने पुढे विखुरलेला प्रकाश मोजतं आणि त्यावरून थेंबाचा आकार ठरवतं, २ ते ५० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घनसेंटिमीटरला ३०० थेंब, प्रत्येक १५ मायक्रॉन व्यासाचा, तर पाणी होतं ०.५३ ग्रॅम प्रति घनमीटर.

यातला खड्डा म्हणजे घन. आकारात १० टक्के चूक झाली की पाण्यात ३३ टक्के, ०.५३ चे ०.७१ होतात. आणि त्रिज्येच्या जागी व्यास टाकला तर आठपट. हसू नका. एका उन्हाळी ढगात मला चार ग्रॅमहून जास्त पाणी सापडलं होतं. दोन दिवस मी हवेत होतो, तिसऱ्या दिवशी तारेचा आकडा शेजारी ठेवला तेव्हा तो अर्ध्या ग्रॅमचा निघाला.

दुसरी अडचण, यंत्र किती हवा बघतं? सीडीपीचा बघण्याचा झरोका सुमारे ०.३ चौरस मिलिमीटर. सेकंदाला १०० मीटर वेगात म्हणजे सेकंदाला ३० घनसेंटिमीटर, दोन मोठे चमचे. बारीक थेंबांना एवढं पुरतं. पण लिटरमागे एकच असणारा टपोरा थेंब या झरोक्यातून जायला सरासरी ३३ सेकंद लागतील, तोवर विमान तीन किलोमीटर पुढे आणि ढग मागे. असा १ मिलिमीटरचा एक थेंब मात्र १५ मायक्रॉनच्या जवळजवळ तीन लाख थेंबांइतकं पाणी बाळगून असतो. म्हणून मोठ्यांसाठी मोठ्या झरोक्याची वेगळी यंत्रं लागतात.

तारेचा आणि सीडीपीचा आकडा एकमेकांसमोर मांडा. तंतोतंत जुळणार नाहीत. अगदी बारीक थेंब हवेबरोबर तारेला वळसा घालून निसटतात. मोठे थेंब आदळून उडतात, पुरती वाफ व्हायच्या आत तार सोडून जातात, म्हणून पाऊस सुरू झालेल्या ढगात तार कमी दाखवते. फरक कुठल्या दिशेला आहे यावरून ढगाबद्दल कळतं. दोन्ही आकडे एकदम नेमके जुळले तर मी उलट विचारतो, कुणी एकाला दुसऱ्यावर बसवून तर ठेवलेलं नाही ना?

पायरी ६: बर्फ वेगळा काढा

तारेच्या गोल पाठीवर बर्फाचा कण आदळला की बहुतेक वेळा उसळून जातो. थोडी उष्णता घेतो, पण पूर्ण वितळत नाही. मग त्याला पकडायचा कसा? रशियात तयार झालेल्या नेव्झोरोव्ह प्रोबचं उत्तर साधं आहे: एक तार आणि एक वाटी. ८ मिलिमीटर व्यासाचा, आत खोलगट असा शंकू हवेच्या तोंडावर धरलेला असतो. त्यात बर्फ अडकतो, वितळतो, वाफ होतो. शंकू सांगतो एकूण पाणी, तार सांगते द्रव पाणी, वजाबाकी म्हणजे बर्फ.

या प्रोबची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा धडा यंत्रातच आहे. प्रत्येक तापत्या भागाच्या मागे, कणांपासून आडोशाला, तसाच दुसरा भाग असतो. त्याच्यावर फक्त हवा लागते. तरीही दोघांचं गुणोत्तर वेगाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे थोडं हलतं, त्यामुळे चौथ्या पायरीतून सुटका नाही.

वजाबाकीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शंकू म्हणाला ०.६०, तार म्हणाली ०.५५, बर्फ ०.०५. दोघांत दहा-दहा टक्के चूक धरली तर वजाबाकीतली चूक ०.०८ च्या आसपास जाते. बर्फापेक्षा चूक मोठी! आणि उलट, निव्वळ बर्फाच्या ढगातही तार थोडं 'पाणी' दाखवते, कारण उसळताना बर्फ थोडी उष्णता नेतोच. शिवाय शंकू उथळ असल्यामुळे मोठे कण त्यातूनही उडून जातात. पुढे जास्त खोल शंकू बनवले गेले ते याच कारणाने.

म्हणून तिसरा साक्षीदार हवा. विमानांवर बर्फ साचण्याची सूचना देणारी एक बोटभर दांडी असते, रोझमाउंट डिटेक्टर. ती सेकंदाला ४० हजार वेळा कंप पावते. अतिशीत, म्हणजे शून्याखालीही पाणीच राहिलेले, थेंब तिच्यावर आदळून गोठले की ती जड होते आणि कंपन मंदावतं. ठरावीक जाडी झाली की हीटर बर्फ वितळवतो आणि पुन्हा पहिल्यापासून. ढगातले बर्फाचे कण तिला चिकटत नाहीत. तेव्हा दांडी शांत आणि शंकू बोलतोय, तर ढग बर्फाचा. दोन्ही बोलतायत, तर मिश्र. एक अट आहे: हवा अंगावर येऊन थांबताना तापते, सेकंदाला १०० मीटर वेगात सुमारे ५ अंशांनी, २०० मीटरला २० अंशांनी. त्यामुळे बाहेर उणे ३ असलं तरी दांडीवर गोठेलच असं नाही. तिथे तिची शांतता पुरावा धरू नका.

पायरी ७: फोटो बघा, पण फोटोवर भुलू नका

बर्फाचे फोटो, खरं तर सावल्या, काढणारी यंत्रं बघायला सगळ्यात मजेची. टू-डी-एसमध्ये १० मायक्रॉनच्या बारकाईने १२८ प्रकाशसंवेदकांची रांग असते. कण लेझर ओलांडतो तशी त्याची सावली ओळीओळीने उमटते. सुया, षटकोनी चकत्या, गुंफलेले तारे. पहिल्या दिवशी पोरं तासन्‌तास हेच बघत बसतात. बसू द्यावं.

पण सावलीवरून वजन काढायचं म्हटलं की गोची होते. अर्ध्या मिलिमीटरचा कण जर भरीव बर्फाचा गोळा असेल तर वजन ६० मायक्रोग्रॅम. तो जाळीदार असेल आणि ब्राउन व फ्रान्सिस यांनी १९९५ मध्ये वापरलेलं प्रचलित सूत्र लावलं तर १० मायक्रोग्रॅम. लिटरमागे असे २० कण असतील तर बर्फ ०.२ ग्रॅम, का १.२ ग्रॅम? सावली दोघांची सारखीच. सूत्र निवडलंत की उत्तर निवडलंत, म्हणून कुठलं सूत्र घेतलं ते आलेखावरच लिहा आणि शक्य तिथे शंकूच्या आकड्याशी ताडून बघा.

गारा पडल्या की एखादी उचलून सुरीने मधोमध कापून पाहा. कांद्यासारखे थर दिसतील, एक दुधाळ, एक काचेसारखा. दुधाळ थरात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. थेंब आदळल्या आदळल्या गोठले. काचेसारख्या थरात पाणी सावकाश पसरत गोठलं. एकाच गारेत दोन घनता, आणि आपण ढगभर कणांना एक सूत्र लावतो.

सगळ्यात खोडसाळ चूक मात्र यंत्राच्या टोकावर होते. सेकंदाला १०० मीटर वेगाने मोठा कण यंत्राच्या दांड्याच्या टोकावर आपटतो आणि त्याचा चुरा लेझरसमोरून उडतो. यंत्र म्हणतं, बारीक कण ढिगाने! अनेक वर्षं बर्फाच्या ढगांतल्या बारीक कणांची संख्या यामुळे फुगलेली मोजली गेली. आता टोकं अशी घडवतात की चुरा बाहेर फेकला जावा, आणि शिवाय दोन कणांमधला वेळ बघतात. टू-डी-एस सेकंदाला सुमारे ८ लिटर हवा बघतं. लिटरला २० कण असतील तर सेकंदाला १६०, म्हणजे दोन कणांमध्ये सरासरी ६ मिलिसेकंद, हवेत ६० सेंटिमीटर. फुटलेले तुकडे मात्र सेंटिमीटरभर अंतराने, एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात येतात. मधल्या वेळांचा आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात. डावीकडचा, कमी वेळाचा, बहुतेक चुऱ्याचा. तो छाटा. किती छाटला ते लिहा.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी

कणांना आत ओढून त्यांची पूर्ण वाफ करून मोजणारी यंत्रंही आहेत. ती महाग आणि अवजड, नवख्याच्या हातात सहसा येत नाहीत. मोठ्या वादळांच्या माथ्याशी, जिथे विमानाच्या रडारला फारसं काही दिसत नाही, तिथे बर्फ इतका असतो की जेट इंजिनांची ताकद जाते. हे समजून घ्यायला २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन आणि २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या केयेन इथून मोहिमा झाल्या. तिथे असंच वाफ करणारं यंत्र मुख्य होतं, कारण तार-शंकू एवढ्या बर्फाला पुरे पडत नाहीत.

तापमापी ढगात भिजते आणि ढगातून बाहेर आल्या आल्या, पाणी वाळताना, खोटं गार दाखवते. त्या तापमानावर धडा केलात तर तोही बिघडतो.

फायलीतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आपल्या उड्डाणांसाठी साडेपाच तास मिळवायचे. नाहीतर दुपारचा ढग तुम्हाला सकाळचा वाटेल. नोंद नसलेल्या जागी एनसीएआरच्या फायलींत उणे ३२७६७ असा आकडा असतो; तो न काढता सरासरी घेतली तर ढगात उणे पाणी येतं. असं उणे पाणी मी पदव्युत्तर प्रकल्पाच्या छापील, बांधीव प्रतीत पाहिलंय, सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. एक उड्डाण घ्या, कुठलंही, शक्यतो पाऊस नसलेल्या उथळ ढगांचं. वेग आणि कच्चे वॅट एकाखाली एक काढा. ढगाबाहेरचे तुकडे रंगीत पेन्सिलीने खुणा करून आधी डोळ्यांनी निवडा, कोडने नंतर. रेषा बसवा, वजा करा, शून्याची थरथर मोजा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग कुठे तयार पीएलडब्ल्यूसीसी उघडून तुमच्या पाण्याशेजारी ठेवा. फरक जास्त आला तर आधी तारेचा व्यास तपासा.